बाबा आमटे : उपेक्षित लेकरांसाठी शाळेचे दार उघडणारे सेवाव्रती

घरात दृष्टिहीन, कर्णबधिर वा अपंग मूल जन्मास आले की आईवडिलांसमोर पहिला प्रश्न औषधोपचाराचा आणि दुसरा शाळेचा उभा राहतो. मुलाला गावच्याच शाळेत घालावे, की दूरच्या विशेष शाळेच्या वसतिगृहात ठेवावे? चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रदेशात हा दुसरा प्रश्न अधिकच बिकट होतो. एकेकाळी तर तेथील आईवडिलांना असा प्रश्न पडण्याचीही सोय नव्हती, कारण निवड करण्यासाठी शाळाच नव्हती. ह्या भागात ज्यांनी अशी शाळा उभी केली, त्या बाबा आमटे यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. घरात त्यांना लाडाने बाबा म्हणत, आणि तेच नाव पुढे जगभर झाले. शिकार, मोटार आणि चित्रपट ह्यांची हौस असलेल्या ह्या तरुणाने वकिलीची पदवी घेतली व वरोरा येथे वकिली सुरू केली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या सत्याग्रहींचे खटले त्यांनी चालविले. गांधीजींच्या विचारांचा ठसा त्यांच्या मनावर उमटला होता. पुढे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांची दुःखे जाणून घेण्यासाठी त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. १९४६ साली त्यांचा विवाह इंदू घुलेशास्त्री यांच्याशी झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

अशाच एका रात्री पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याची झडलेली बोटे आणि व्रणांतले किडे पाहून बाबा भयाने तेथून निघून गेले. परंतु त्या भयाचीच त्यांना लाज वाटली. ते परत आले, त्याच्यावर आडोसा केला व अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. मग कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. संशोधनासाठी रोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेण्यासही ते तयार झाले. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ, विंचूसापांनी भरलेल्या जमिनीवर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. जून १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला.

आनंदवनात पिकविलेली भाजी आरंभी गावकरी विकत घेत नसत. ज्या हातांनी पिकविलेले अन्न लोक खात नाहीत, त्या हातांच्या माणसांची मुले कोणत्या शाळेत बसणार? दानावर जगणारा माणूस दुबळा होतो आणि श्रम त्याला उभे करतात, ही बाबांची धारणा होती. शिक्षणाकडेही त्यांनी ह्याच दृष्टीने पाहिले. आनंदवनात दृष्टिहीन मुलांची शाळा आली, मूकबधिर मुलांची शाळा आली, आणि अपंगांना हाताचे कसब शिकविण्यासाठी संधिनिकेतन आले. ज्या कुटुंबांना आजवर घराचा कोपरा एवढाच पर्याय होता, त्यांच्या मुलाच्या हाती ब्रेल लिपीचे पुस्तक वा एखादी कारागिरी येऊ लागली.

ह्याहून विलक्षण घटना १९६४ साली घडली. कुष्ठरोग्यांच्या श्रमातून वरोऱ्यात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले, आणि ते परिसरातील सर्व मुलांसाठी खुले होते. आता कसोटी निरोगी मुलांच्या आईवडिलांची होती. ज्यांना समाजाने वेशीबाहेर काढले, त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयात आपले मूल पाठवायचे की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांनी पाठविले. समाजाची भीती व्याख्यानांनी जेवढी गेली नसती, तेवढी ह्या एका निर्णयाने गेली, असे आम्हांस वाटते.

बाबांची दृष्टी पुढे घनदाट अरण्याकडे वळली. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली निर्माण झाला. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तेथील गावांचा जगाशी संबंध तुटत असे. बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी यांनी तेथे दवाखाना चालविला, माडिया भाषा शिकून घेतली, आणि १९७६ साली आश्रमशाळा सुरू झाली. ह्या दाम्पत्याने आपल्या मुलांनाही शहरात न पाठविता माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत बसविले. शाळा उत्तम आहे असे दुसऱ्यांना सांगणे सोपे असते; तिच्यात स्वतःचे मूल घालणे ही खरी ग्वाही होय.

बाबांना १९८३ साली डेमियन-डटन पुरस्कार मिळाला. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १८८९ साली मृत्यू पावलेल्या फादर डेमियन यांचे नाव ह्या पुरस्काराला आहे. त्यांना २००९ साली ख्रिस्तसभेने संतपद बहाल केले. १९८५ साली बाबांना मॅगसेसे आणि १९९० साली टेंपलटन हे सन्मान लाभले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन न करता तो आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला.

आज कायदा आईवडिलांच्या बाजूने उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. कुष्ठमुक्त व्यक्तींचाही ह्या कायद्यात समावेश आहे. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिक्षण घेण्याची तरतूद २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात झाली. तरीही निवड सोपी झालेली नाही. गावच्या शाळेत मूल आईच्या कुशीजवळ, भावंडांत वाढते. पण तेथे ब्रेल वा खुणांची भाषा जाणणारा शिक्षक असेलच असे नाही. विशेष शाळेत तो शिक्षक असतो; पण लहानग्याला घर सोडावे लागते. कोणत्या मुलासाठी काय योग्य, हे त्याचे आईवडीलच अधिक जाणतात.

म्हणून आपल्या धर्मग्रामात असे एखादे कुटुंब असेल, तर त्यांच्यावर आपला सल्ला न लादता आपण त्यांना ह्या हक्कांची माहिती द्यावी. दाखला काढण्यास, शाळा पाहून येण्यास त्यांच्यासोबत जावे. मूल गावच्याच शाळेत आले, तर आपले मूल त्याच्या शेजारी आनंदाने बसू द्यावे. वरोऱ्याच्या पालकांनी १९६४ साली दाखविलेले धैर्य आपणही दाखवू शकतो.