पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना पुष्कळदा असे वाटू लागते की, ही माणसे जन्मतःच अलौकिक असावीत आणि त्यांच्या वाटेने जाणे आपणांसारख्या सामान्यांस शक्य नाही. हा समज किती फोल आहे हे दाखविण्यास डॉ. सालिम अली ह्यांच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. तलाव, धानाची बांधी आणि अरण्य ह्यांनी वेढलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यात तर हे चरित्र प्रत्येक घरी वाचले जावे असे आम्हांस वाटते.

सालिम अली ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना पिता निवर्तले आणि तिसऱ्या वर्षी मातेचेही छत्र हरपले. ह्या पोरक्या बालकाचा सांभाळ खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्या निपुत्रिक दांपत्याने पोटच्या मुलाप्रमाणे केला.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्यास छऱ्यांची एक लहानशी बंदूक दिली होती. एके दिवशी तिने पाडलेल्या चिमणीच्या गळ्याखाली पिवळा डाग मुलास दिसला. नेहमीच्या चिमणीस असा डाग नसतो. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांस विचारले. मामांस उत्तर ठाऊक नव्हते. परंतु मुलास गप्प न बसविता त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली असून तिचे तेव्हाचे चिटणीस मिलार्ड साहेब होते. त्यांनी चिमणी ओळखली, आणि पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या लहानग्यास मोठ्या आस्थेने दाखविला. येथे पालकांनी क्षणभर थांबून विचार करावा. मुलाच्या प्रश्नास पोरकट म्हणून त्या दिवशी हसण्यावारी नेले असते, तर देश एका शास्त्रज्ञास मुकला असता.

शालेय अभ्यासात मात्र सालिम चमकले नाहीत. गिरगावातील मिशनची शाळा आणि पुढे सेंट झेवियर्स येथे त्यांचे शिक्षण झाले. डोकेदुखीच्या विकाराने अभ्यासात खंड पडे. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेल्यामुळे शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व इमारती लाकडाच्या धंद्यावर गेले. तेथे लक्ष धंद्यापेक्षा रानातील पाखरांकडेच अधिक! १९१७ साली ते परतले, व्यापारी शिक्षण घेऊ लागले आणि त्याच्या जोडीस प्राणिशास्त्राचे धडेही गिरवू लागले. १९१८ साली तेहमिना ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीचे मन कशात रमते हे ओळखून त्या माउलीने त्यांस अखेरपर्यंत साथ दिली.

पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यात त्यांस जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी लाभली. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि विख्यात पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान ह्यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्याच्या प्रवासाचा माग कसा काढावा, हेही त्यांनी जर्मनीत पाहिले. १९३० साली ते मोठ्या उमेदीने स्वदेशी परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

अशा प्रसंगी कोणीही खचला असता. सालिम व तेहमिना मुंबईचा खर्च झेपेना म्हणून अलिबागेजवळ किहीम येथे जाऊन राहिले. तेथे झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. सालिम अली आडोशास बसून तासन्‌तास त्यांकडे पाहत व दिसेल ते टिपून ठेवीत. आपली मराठी भाषा ह्या पाखरास सुगरण म्हणते. परंतु घरटे विणणारा असतो तो नर. तो घरटे अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन त्याची पारख करते. तिच्या पसंतीस उतरले तरच तो नळीसारखे प्रवेशद्वार विणून काम पुरे करतो. मादी अंडी उबवू लागली की हा गृहस्थ दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहतो! ही रीत त्यांनी सविस्तर मांडताच शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. बेकारीचे दिवस असे सोन्याचे ठरले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन इत्यादी संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. बैलगाडी, तंबू आणि रानवाटा हाच संसार झाला. १९३९ साली तेहमिना निवर्तल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. डिलन रिप्ली ह्यांच्या सहकार्याने लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६४ ते १९७४ ह्या काळात प्रसिद्ध झाला. भरतपूरचे पाणपक्षी व केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे म्हणूनही ते झटले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मान त्यांस लाभले. ज्यांस पदवी नाही म्हणून जागा नाकारली, त्यांस विद्यापीठांनी आपण होऊन सन्माननीय डॉक्टर केले. २० जून १९८७ रोजी त्यांचे मुंबईत देहावसान झाले.

त्यांचा वारसा आपल्या दाराशीच आहे. नवेगावबांध येथील पक्षी अभयारण्यास त्यांचेच नाव दिलेले आहे. त्याच नवेगावात वनाधिकारी म्हणून राहून अरण्याचे वाचन करणारे मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, तर सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. ह्या दोन तिथींमधील आठवडा २०२० सालापासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. माणसाएवढा उंच सारस महाराष्ट्रात मुख्यत्वे आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, आणि तोही मोजकाच. तो घरटे बांधतो धानाच्या बांधीत व तलावाच्या काठी, म्हणजे शेतकऱ्याच्या भरवशावर. जोडी बहुधा दोनच अंडी घालते. एखाद्या पोराने खेळ म्हणून ती उचलली, तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते. कीटकनाशके व विजेच्या तारा ह्यांचा धोका तो वेगळाच.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितो की, गलोल घरी ठेवावी आणि एक वही व पेन्सिल घेऊन गावच्या तलावावर जावे. घरट्यापासून दूर उभे राहून कोणता पक्षी, किती, कोणत्या वेळी, काय करीत होता, एवढे तारखेसह लिहावे. शिंदीच्या झाडावर सुगरण विणू लागली, तर महिनाभर रोज पाहावे. नाव न कळल्यास रंग, चोच व पाय ह्यांचे वर्णन लिहून शिक्षकांस विचारावे. आणि पालकांनी, उत्तर ठाऊक नसले तरी, अमिरुद्दीन मामांप्रमाणे मुलास जाणत्याकडे धाडावे. त्यास फार खर्च येत नाही. चिठ्ठीपुरता कागद पुरतो.