एका फटीपुरती माती

मुलगी एकवीस वर्षांची झाली की वाढदिवसाला काय मागेल? एखादा दागिना, नवे कपडे, फार तर कुठंतरी लांब फिरायला जायचं. इंग्लंडमधल्या एलेन विल्मटनं १८७९ मध्ये वडिलांकडे भलतंच काही मागितलं. तिला बंगल्याच्या आवारात एक दरी करायला परवानगी हवी होती! त्या दरीत मोठमोठे खडक रचायचे, मधून ओढा वाहता ठेवायचा आणि खडकांच्या फटीफटींत आल्प्स पर्वतावरची इवली इवली फुलझाडं लावायची, असा तिचा बेत होता. वडील पेशानं सॉलिसिटर, घरात सुबत्ता. त्यांनी हो म्हटलं. यॉर्कच्या बॅकहाउस या नामांकित रोपवाटिकेनं काम हाती घेतलं आणि १८८२ च्या सुमारास एसेक्स परगण्यातल्या ‘वॉर्ली प्लेस’ या घराजवळ एक छोटासा डोंगरच उभा राहिला. नाजूक नेच्यांसाठी त्यात काचेचं छत असलेली एक गुहासुद्धा होती.

एलेनचा जन्म १९ ऑगस्ट १८५८ चा. तीन बहिणींत ती थोरली. सर्वांत धाकटी लहानपणीच गेली, मधली रोझ हीसुद्धा एलेनसारखीच बागवेडी. एलेनची गॉडमदर हेलन टास्कर गडगंज श्रीमंत होती. एलेन सात वर्षांची झाल्यापासून दर वाढदिवसाला तिच्याकडून एक हजार पौंड यायचे. १८८८ मध्ये ही गॉडमदर वारली आणि एलेनच्या वाट्याला १ लाख ४० हजार पौंड आले. त्या काळात ही रक्कम म्हणजे सात पिढ्यांची ददात मिटवणारी! एलेनला मात्र ती एक जन्मही पुरली नाही. का पुरली नाही, ते कळायला आधी तिची लाडकी झाडं समजून घ्यायला हवीत.

आल्प्सच्या माथ्यावर झाडं उंच वाढतच नाहीत. वारा मोडून टाकेल म्हणून ती जमिनीला चिकटून, उशीसारखी गोल गोल राहतात. वर वितभरही नसलेल्या रोपाची मुळं मात्र खडकाच्या फटीतून खूप खोल गेलेली असतात. तिथं दगडाखाली गारवा असतो, ओल टिकते. माती म्हणाल तर चिमूटभर. हिवाळ्यात वरून बर्फाची दुलई पडते आणि तिच्याखाली रोपं कोरडी, निवांत झोपतात.

इंग्लंडमध्ये घोळ होतो तो इथंच. आपल्याला वाटतं, थंड देशातली झाडं, थंड देशात सहज जगतील. पण तिथल्या हिवाळ्यात बर्फ कमी आणि रिपरिप पाऊस जास्त. या झाडांना थंडी मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. खोड मातीला टेकतं तिथंच ते सडतं. म्हणून खडकांची फट लागते. दगड उभे, एकमेकांजवळ लावायचे, मधे मातीपेक्षा खडी आणि वाळूच जास्त भरायची, रोपाच्या गळ्याशी बारीक दगडांचा थर द्यायचा. पाणी झरझर खाली निघून जातं, मान कोरडी राहते आणि मुळांना दगडाआडची ओल मिळते. या बागांतल्या एका लाडक्या फुलाचं नाव आहे सॅक्सिफ्राज. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दगड फोडणारा. आपल्या आयुर्वेदातला, हिमालयात होणारा पाषाणभेद याच कुळातला. नावही तेच, कूळही तेच. गंमत आहे ना?

हे सगळं एलेननं नुसतं पैसे मोजून करवून घेतलं नाही. ती शिकली. वनस्पतींची शास्त्रीय नावं, त्यांची गावं, त्यांच्या सवयी तिला तोंडपाठ झाल्या. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं साठ जणांना मानाचं पदक दिलं. त्यात बायका दोनच, गर्ट्रूड जीकल आणि एलेन विल्मट. १९०५ च्या सुमारास लिनियन सोसायटीनं पहिल्यांदाच स्त्रियांना दार उघडलं, तेव्हा आत गेलेल्या पहिल्या काही जणींतही ती होती. चीनमध्ये नवी झाडं शोधायला गेलेल्या अर्नेस्ट विल्सनच्या मोहिमांना तिनं पैसा पुरवला. गुलाबांवरचा तिचा मोठा ग्रंथ १९१० ते १९१४ या काळात प्रसिद्ध झाला. साठाहून अधिक झाडांना तिचं किंवा वॉर्लीचं नाव मिळालं.

तिचा स्वभाव मात्र गुलाबाच्या पाकळीपेक्षा काट्याच्या जवळचा. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फॅरर या खडक-बागांच्या मोठ्या जाणकारानं एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत श्रीमंतांच्या दिखाऊ बागांची टर उडवली. रोख होता फ्रँक क्रिस्प यांच्या बागेवर. क्रिस्प एलेनचे स्नेही. त्यांनी उत्तरादाखल पत्रक छापलं, तर ही पंचावन्न वर्षांची बाई चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात उभी राहून ते पत्रक येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत होती!

स्नेह्यासाठी अशी उभी राहणारी एलेन नोकरमाणसांशी मात्र फार कठोर वागली. तिच्याकडे एके काळी १०४ माळी होते. वाफ्यात तण दिसलं की माळ्याची नोकरी गेली, अशी तिची ख्याती. त्यात एकही बाई नव्हती. बायकांना बागेत कामाला ठेवणं म्हणजे बागेचं वाटोळं, असं तिचं मत होतं. स्वतः पुरुषांच्या संस्थांची दारं उघडायला लावलेल्या बाईनं असं म्हणावं, याचं वाईट वाटतं. तिच्या आल्पाइन बागेचा सांभाळ करणारा जेकब मॉरर हा स्वित्झर्लंडहून आलेला माळी. मोठा संसार घेऊन तो आवारातल्या छोट्याशा घरात तुटपुंज्या पगारावर राहिला. कुठल्या रोपाला किती ओल हवी हे बोटभर अंदाजानं ओळखणाऱ्या एलेनला या माणसांची ओढाताण दिसली नसेल? की दिसूनही तिनं नजर फिरवली?

पैसा तर पाण्यासारखा वाहत होता. वॉर्ली होतंच. शिवाय १८९० मध्ये फ्रान्समध्ये एक घर घेतलं, १९०५ मध्ये इटलीत दुसरं. प्रत्येकाला बाग, प्रत्येक बागेला माळी. कर्ज वाढत गेलं. पहिल्या महायुद्धानंतर परदेशातली घरं विकावी लागली, मग घरातल्या वस्तू. १९२२ मध्ये रोझ गेली आणि जवळचं असं माणूस उरलं नाही. चोरांच्या धास्तीनं ती पर्समध्ये पिस्तूल ठेवायची म्हणतात. १९२८ मध्ये लंडनच्या एका दुकानात चोरी केल्याचा आळ तिच्यावर आला, अटक झाली. कोर्टात ती निर्दोष सुटली, पण सत्तरीच्या उंबरठ्यावर नाचक्की व्हायची ती झालीच. सप्टेंबर १९३४ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, ती गेली. वॉर्ली प्लेस विकलं गेलं आणि १९३९ मध्ये तो बंगला पाडला.

तिला उधळी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण घोड्यांच्या शर्यतीत इस्टेटी उडवणाऱ्या पुरुषांची त्या काळात कमी नव्हती. एलेननं निदान मागं झाडं तरी ठेवली. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. जन्मभर तिनं जी झाडं जीव लावून जगवली, ती चिमूटभर मातीत भागवणारी होती. वर थोडकं, खाली खोल, हा त्यांचा जगण्याचा नियम तिला पुरता ठाऊक होता. तिनं तो खडकांत उत्तम वापरला. स्वतःच्या आयुष्यात तेवढा आणायचा राहून गेला.

वॉर्ली प्लेस १९७७ पासून निसर्ग-राखीव क्षेत्र म्हणून सांभाळलं जातंय. दरीतले खडक अजून जागच्या जागी आहेत. फटींतली ती नाजूक रोपं केव्हाच गेली, कारण त्यांना माळ्याचा हात लागतो. पण हिवाळा सरताना स्नोड्रॉप, क्रोकस आणि मग डॅफोडिल यांची झुंबड उडते. त्यांना आता कुणी पाणी घालत नाही, कुणी तण काढत नाही. तरी दर वर्षी ती आपली आपण उगवतात.