अक्षरांचे उपासक विल्यम केरी

इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेडेगावी १७६१ साली एका विणकराच्या घरी विल्यम केरी यांचा जन्म झाला. वडील पुढे गावच्या शाळेत शिक्षक झाले. तथापि घरची स्थिती बेताचीच होती. त्यामुळे लहान वयातच विल्यमला जोडे शिवण्याचे काम शिकण्यासाठी एका कारागिराकडे राहावे लागले. हात कातड्यावर चालत असत; मन मात्र पुस्तकांत रमे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केल्या.

१७९३ साली केरी ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी बंगालात आले. १८०० साली हुगळीच्या तीरावर श्रीरामपूर येथे त्यांनी मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह छापखाना उभारला. त्याच वर्षी कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. तेथे कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवीत. केरी तेथे बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठीही शिकवू लागले.

परंतु शिकवावे कशाच्या आधारे? हस्तलिखित पोथ्या थोड्या, आणि नकलून घेण्यास वेळ फार. शिवाय नकलणाऱ्याची प्रत्येक चूक पुढच्या प्रतीत उतरे. साऱ्या वर्गापुढे एकच शुद्ध पाठ असावयाचा, तर छापील पुस्तकच हवे होते. त्यासाठी देशी लिप्यांचे खिळे आवश्यक होते. काना, मात्रा, जोडाक्षरे यांमुळे ते शेकड्यांनी करावे लागत. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने हे काम पत्करले. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात वितळलेला धातू ओतून खिळा पाडावयाचा, अशी ती रीत होती. पंचाननाच्या पश्चात त्याचा जावई मनोहर याने हे काम चालविले.

वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केरी यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले होते.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी छापखान्याला आग लागली. कागदांचे ढीग, अनेक लिप्यांचे खिळे आणि वर्षानुवर्षे खपून सिद्ध केलेली हस्तलिखिते भस्मसात झाली. अनेक भाषांच्या एका मोठ्या कोशाची सामग्रीही त्यांत होती. केरी तेव्हा कलकत्त्यास होते. परत येऊन त्यांनी तो विध्वंस पाहिला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण राख उपसताना पोलादी ठसे व साचे सुरक्षित सापडले! वितळलेला धातू गोळा करून कारागिरांनी रात्रंदिवस नवे खिळे पाडले आणि काही महिन्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. खिळे पुन्हा पाडता आले. जळालेले लेखन मात्र नव्यानेच करावे लागले. पन्नाशी उलटलेले केरी पुन्हा लेखणी घेऊन बसले. तो मोठा कोश पुढे कधीच पुरा झाला नाही. तरी त्यांनी इतर व्याकरणे व कोश सिद्ध केले.

१८३४ साली श्रीरामपूर येथेच त्यांचे देहावसान झाले. आज व्याकरणाचे पुस्तक सहज हाती येते. ते सहज व्हावे म्हणून एका परदेशी अभ्यासकाने, मराठी पंडिताने आणि बंगाली कारागिरांनी केलेले हे श्रम स्मरणात ठेवण्याजोगे आहेत.