पादचाऱ्यांचा मंत्री

इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब आणि त्याच्या माथ्यावर नारिंगी गोळा दिसतो. हा खांब आजही एका मंत्र्याच्या नावाने ओळखला जातो. मंत्र्यांची नावे पुलांना आणि चौकांना मिळतात. पायी चालणाऱ्याच्या रक्षणार्थ उभ्या केलेल्या खांबाला मिळणे विरळाच.

लेस्ली होर-बेलिशा यांचा जन्म १८९३ सालचा, ज्यू कुटुंबातला. ते तान्हे असतानाच वडील वारले. ऑक्सफर्डच्या वादसभेचे अध्यक्षपद, पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवा आणि १९२३ मध्ये डेव्हनपोर्टमधून पार्लमेंटात प्रवेश, असा त्यांचा प्रवास झाला. जून १९३४ मध्ये त्यांच्याकडे वाहतूक खाते आले.

त्यावेळी रस्त्यांवर अक्षरशः कत्तल चालली होती. ताशी वीस मैलांची जुनी वेगमर्यादा १९३० च्या कायद्याने उठविली गेली होती; मर्यादा कोणी पाळीतच नाही, मग ती हवी कशाला, हा त्यामागील युक्तिवाद! (या न्यायाने चोरीविरुद्धचा कायदाही रद्द करावा लागेल.) १९३४ या एका वर्षात ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि सव्वादोन लाखांहून अधिक जखमी झाली. मृतांत निम्म्याच्या आसपास पादचारी होते. कोंबड्या-कुत्र्यांना मोटार चुकविण्याची सवय झाली, तशी माणसांनाही होईल, अशा आशयाचे भाषण पार्लमेंटात एका सभासदाने केले.

मंत्रिपद स्वीकारल्यावर थोड्याच दिवसांत होर-बेलिशा स्वतः कॅम्डेन टाउनमध्ये रस्ता ओलांडताना एका भरधाव मोटारीखाली येता येता बचावले. रस्ता ओलांडण्याच्या जागा तेथे होत्या. पण त्या जमिनीत ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांनी दाखविलेल्या, दूरवरून चालकाला न दिसणाऱ्या. म्हणून खांब आले. पोरांनी दगड मारून त्यांचे काचेचे गोळे फोडले, वृत्तपत्रांनी थट्टा केली. होर-बेलिशांना प्रसिद्धीची हौस होती हे खरेच. परंतु त्या थट्टेमुळेच तो खांब घरोघर माहीत झाला. मार्च १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली, जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्या वर्षी मृतांची संख्या साडेसहा हजारांवर उतरली.

या खांबांनी पादचाऱ्याला हक्क दिला, तो मात्र ठराविक जागेपुरता. दोन खांबांमधला रस्ता मोटारींचाच, हेही त्याबरोबर नकळत मान्य केले गेले. वृद्ध, अपंग, बालके यांना तो पुढचा खांब किती दूर, हा प्रश्न उरलाच.

१९३७ मध्ये ते युद्धमंत्री झाले. सेनापतींशी बिनसले आणि जानेवारी १९४० मध्ये पद गेले. त्यांच्या खांबांच्या पायाशी झेब्रा पट्टे आले ते १९५१ मध्ये. तोवर त्यांची पार्लमेंटातील जागाही गेली होती. १९५४ मध्ये ते लॉर्ड झाले. फेब्रुवारी १९५७ मध्ये फ्रान्समधील रँस शहराच्या नगरभवनात भाषण करीत असताना ते कोसळले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.