गाण्यांनी बांधलेले विद्यापीठ

कोणत्याही चळवळीचा इतिहास लिहिला जातो तेव्हा नेत्यांची नावे येतात, संस्थांची नावे येतात, देणगीदारांची नावे तर संगमरवरी पाटीवर कोरली जातात. पण गावोगाव फिरून, घसा फोडून, उपाशीतापाशी राहून ज्यांनी चळवळीसाठी गाणी गायली, त्यांची नावे कुठे असतात? आमच्या जलसाकारांच्या वाट्याला जे आले, तेच साता समुद्रापलीकडच्या गुलामांच्या लेकरांच्या वाट्यालाही आले. म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एका बाईची कहाणी वाचकांसमोर ठेवत आहोत. तिचे नाव एला शेफर्ड.

एलाचा जन्म 1851 साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गुलामीत झाला. आई सेरा ही एका मालकिणीची गुलाम आणि बाप सायमन दुसऱ्या मालकाचा. सायमन कष्टाळू होता. फावल्या वेळात मोलमजुरी करून त्याने 1800 डॉलर जमवले आणि स्वतःला विकत घेतले. माणसाने स्वतःलाच विकत घ्यायचे! असा तो कायदा, आणि तो मानणारे लोक दर रविवारी चर्चमध्ये जाऊन प्रार्थना म्हणत होते.

एला अगदी लहान असताना मालकिणीने तिला आईवरच पाळत ठेवायला शिकवले. लेकीला आईविरुद्ध हेर बनवण्याचा हा प्रकार सेराच्या लक्षात आला, तेव्हा तिचे काळीज फाटले. ती मुलीला घेऊन नदीकडे निघाली. दोघींनी जीव द्यायचा, हा एकच मार्ग तिला दिसत होता. वाटेत एका म्हाताऱ्या गुलाम बाईने तिला अडवले आणि ही पोर एक दिवस मोठमोठ्या लोकांसमोर उभी राहील असे सांगून माघारी फिरवले. आमचा भविष्यावर विश्वास नाही. पण खचलेल्या आईला एका अनोळखी म्हातारीने धीर दिला आणि दोन जीव वाचले, एवढे मात्र खरे.

पुढे बापाने 350 डॉलर मोजून लेकीला विकत घेतले. बायकोलाही सोडवायचे होते, पण मालकिणीने दिलेला शब्द फिरवला आणि सेराला मिसिसिपी राज्यात नेण्यात आले. मायलेकींची ताटातूट झाली. सायमनने दुसरा संसार मांडला. नंतर कर्ज वाढले आणि त्यापायी घरच्या माणसांवरच जप्ती येईल या भीतीने तो मुलीला घेऊन ओहायो नदीपलीकडे सिनसिनाटीला पळाला. तिथे गुलामी नव्हती, पण वर्णभेद होताच.

एलाला संगीताची ओढ होती. ती पियानो शिकली. 1866 साली कॉलऱ्याने बाप गेला, होते नव्हते तेही गेले. तशाही परिस्थितीत तिने गाण्याची शिकवणी मिळवली. पण कोणत्या अटीवर? रात्री नऊनंतर यायचे, मागच्या दाराने यायचे, माडीवरच्या मागच्या खोलीत शिकायचे आणि शिकवणाऱ्या बाईचे नाव कोणालाही सांगायचे नाही. काळी मुलगी शिष्या आहे हे कळले तर गोऱ्या घरच्या मुली शिकवणी सोडतील, ही भीती. एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना हे मागचे दार ओळखीचे वाटेल. वर्गाबाहेर बसवले जाणे म्हणजे काय हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला अधिक काही सांगण्याची गरज नाही.

दरम्यान यादवी युद्ध संपले होते आणि गुलामी कायद्याने रद्द झाली होती. मुक्त झालेल्या लोकांसाठी नॅशव्हिलमध्ये 1866 साली फिस्क ही शाळा सुरू झाली होती. ख्रिस्ती मिशनरी संस्थेने चालवलेली ही शाळा लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या लाकडी बराकींत भरत असे. गुलामांच्या बाजारातल्या गंजलेल्या बेड्या आणि साखळ्या भंगारात विकून त्या पैशांतून तिथे मुलांसाठी पुस्तके आणली गेली. बेड्या विकून पुस्तके घेतली! शिक्षणाची याहून मोठी व्याख्या आम्हाला तरी माहीत नाही.

एलाने गॅलॅटिन गावात पाच महिने मास्तरकी केली आणि 1868 साली सहा डॉलर घेऊन ती फिस्कमध्ये दाखल झाली. सहा डॉलर किती दिवस पुरणार? काम करत, पियानोच्या शिकवण्या घेत तिने शिक्षण चालू ठेवले. लवकरच संगीत शिकवण्याची जबाबदारी तिच्यावर आली. फिस्कच्या शिक्षकवर्गातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका.

शाळा मात्र बुडण्याच्या बेतात होती. बराकी कुजल्या होत्या, कर्ज डोक्यावर होते. तेव्हा शाळेचे खजिनदार आणि संगीत शिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन दौऱ्यावर जायचे ठरवले. हे गृहस्थ गोरे, लोहाराचे चिरंजीव. वरिष्ठांचा विरोध होता. तरीही 6 ऑक्टोबर 1871 रोजी नऊ मुलेमुली नॅशव्हिलहून निघाली. बहुतेकांचा जन्म गुलामीतला. एला शेफर्ड त्यांच्या पियानोवादक. तालीम घेणे, सूर लावून देणे हे कामही त्याच करत. वय वर्षे वीस.

हा दौरा म्हणजे हालअपेष्टांची मालिका होती. आज या चर्चमध्ये कार्यक्रम, उद्या पुढच्या गावी. रात्री झोळी फिरवायची, जमलेल्या पैशांतून रेल्वेचे भाडे भरायचे. थंडी कडाक्याची आणि अंगावर पुरेसे कपडे नाहीत. सुरुवातीलाच बातमी आली की शिकागो शहर आगीत जळाले. या पोरांच्या हाती तेव्हा जेमतेम 50 डॉलरसुद्धा जमले नव्हते. तेवढी सगळी रक्कम त्यांनी शिकागोच्या जळीतग्रस्तांना देऊन टाकली. ज्यांच्या स्वतःच्या पोटात अन्न नाही त्यांनी दिलेले हे दान होते.

आणि हॉटेलवाले? काळ्यांना खोली नाही! रात्री स्टेशनवर मुलांना बसवून व्हाइट गावभर निवारा शोधत फिरत. न्यू जर्सीतील नेवार्क शहरात तर कहर झाला. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची टवाळी करणारे मिन्स्ट्रेल नावाचे खेळ करत आणि गोरा प्रेक्षक पोट धरून हसे. तिथल्या खानावळवाल्याला वाटले, हेही तसलेच पथक असेल. म्हणून त्याने खोल्या दिल्या. चेहऱ्यावरचा काळा रंग धुऊन निघणारा नाही हे कळताच त्याने त्यांना बाहेर काढले. म्हणजे काळ्याचे सोंग घेतलेला गोरा चालेल, पण खरा काळा चालणार नाही! आमच्याकडेही लोककला चालते, कलावंत उंबऱ्याबाहेर. फरक कुठे आहे?

आता मुद्दा गाण्यांचा. सुरुवातीला हे पथक गोऱ्यांच्या पसंतीची गाणी गात होते. लोक ऐकत, पण झोळीत फारसे पडत नसे. गुलामांची स्वतःची गाणी मात्र या मुलांनी मनाच्या तळाशी जपून ठेवली होती. शेतात, झोपडीत, रात्रीच्या गुप्त प्रार्थनेत आईबापांनी गायलेली ती गाणी. ती चारचौघांत म्हणायला मुले तयार नव्हती. एक तर त्यांत गुलामीची जखम होती. आणि दुसरे, ती आईबापांची पवित्र ठेव होती, ती बाजारात का मांडायची? दार लावून घेऊन, जमिनीवर बसून, हलक्या आवाजात ती एकमेकांत म्हणत. एला शेफर्ड ती गोळा करत गेल्या, त्यांची संख्या शंभरावर गेली.

नोव्हेंबर 1871 मध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे चर्चच्या प्रतिनिधींची मोठी परिषद भरली होती. तिथे या मुलांनी अगदी हळू आवाजात गुलामांचे एक गाणे सुरू केले. चर्चेचा गोंधळ थांबला, सभागृह स्तब्ध झाले. त्या दिवसापासून चित्र पालटले.

ही गाणी नुसती भक्तीची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. मालकाने गुलामांना धर्म शिकवला तो आज्ञाधारक राहण्यासाठी. गुलामांनी त्याच बायबलमधून नेमकी मोझेसची गोष्ट उचलली, जो आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढतो. त्यांच्या गाण्यातली नदी पार करायची ती अनेकदा ओहायो नदी असे, कारण पलीकडे गुलामी नव्हती. मालकाच्या कानाला भजन, गुलामाच्या कानाला निरोप. पथकाचे नावही तिथूनच आले. बायबलमध्ये दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करण्याचा ज्युबिली सांगितला आहे, म्हणून हे ज्युबिली सिंगर्स.

पुढे न्यूयॉर्क परिसरातील मोठ्या चर्चची दारे उघडली. वर्तमानपत्रांनी आधी टिंगल केली, मग स्तुती केली. मार्च 1872 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर त्यांनी गायन केले. पहिल्या दौऱ्यातून 20,000 डॉलर फिस्कला मिळाले. 1873 साली पथक इंग्लंडला गेले. राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गाणे ऐकले, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी न्याहारीला बोलावले. नदीकडे निघालेल्या त्या आईची पोर आता इंग्लंडच्या राणीसमोर उभी होती.

योगायोग पाहा. त्याच 1873 साली पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतिरावांची नजर किती दूरवर पोहोचली होती! लंडनमध्ये मुक्त गुलामांची मुले गात होती आणि पुण्यात एक माळी त्यांच्या मुक्तीचा अर्थ शूद्रातिशूद्रांना समजावून सांगत होता.

या यशाची किंमत मात्र गाणाऱ्यांनी आपल्या शरीराने चुकवली. वर्षानुवर्षे प्रवास, रोज कार्यक्रम, रोज तालीम, विश्रांती नाही. गायक आजारी पडत होते. 1874 साली व्हाइट यांची पत्नी ग्लासगोत विषमज्वराने वारली, खुद्द व्हाइट रक्त ओकू लागले. एला शेफर्ड यांची प्रकृती मुळातच नाजूक, तरी पथकाचा डोलारा त्यांनीच सांभाळला. सूत्रे प्रत्यक्षात त्यांच्या हाती होती, पण पद आणि मान दुसऱ्यांना. 1 जानेवारी 1876 रोजी फिस्कच्या ज्युबिली हॉलचे उद्घाटन झाले. दक्षिणेत काळ्यांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली ही पहिली पक्की भव्य इमारत. ती ज्यांच्या कमाईवर उभी राहिली ते त्या दिवशी कुठे होते? समुद्रापलीकडे, आणखी पैसे जमवण्यासाठी गात होते.

1878 साली जर्मनीत पथक विसर्जित झाले, तोपर्यंत सुमारे 1,50,000 डॉलर जमले होते. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, 1871 साली निघालेल्या त्या नऊ जणांपैकी एकालाही फिस्कची पदवी मिळवता आली नाही. पोरांनी विद्यापीठ बांधले आणि वर्ग मात्र सुटला. पुढच्या पिढ्या शिकाव्यात म्हणून एका पिढीने आपले शिक्षण गहाण टाकले.

एला शेफर्ड पुढे काय झाल्या? त्यांनी ताटातूट झालेल्या आईला शोधून काढले, नॅशव्हिलला आपल्या घरी आणले. 1882 साली जॉर्ज मूर या धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. वॉशिंग्टनमध्ये आणि नंतर नॅशव्हिलमध्ये त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचे संघटन केले आणि फिस्कच्या नव्या मुलांना जुनी गाणी शिकवली. जून 1914 मध्ये त्यांचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

त्यांनी गायलेली गाणी पुढे चालत राहिली. फ्रेडरिक लाउडिन या त्यांच्या सहकाऱ्याने स्वतःचे पथक काढून 1884 ते 1890 या काळात जगप्रवास केला. ते हिंदुस्थानातही आले आणि आग्र्याच्या ताजमहालात गायले. फिस्कमधूनच 1888 साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस पदवीधर झाले आणि 1903 साली आपल्या ग्रंथात त्यांनी या गाण्यांना मानाचे स्थान दिले. याच ड्यू बॉइस यांना 1946 साली बाबासाहेबांनी पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाशी अस्पृश्यांच्या प्रश्नाचे नाते जोडले. गाण्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या वर्गात शिकलेला माणूस आणि आमचा उद्धारकर्ता यांच्यामध्ये हा धागा आहे.

काही जण विचारतील, गोऱ्यांपुढे गाऊन पैसे मिळवणे ही लाचारी नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. सोंग करून, स्वतःची टवाळी करून घेऊन पैसे मिळवणे ही लाचारी. या मुलांनी ती नाकारली. त्यांनी ताठ उभे राहून आपल्याच आईबापांचे दुःख गायले आणि मिळालेली पै न पै शाळेला दिली. गाणे ऐकून रडणाऱ्यांनी रात्री खोली नाकारली, हा कलंक ऐकणाऱ्यांचा आहे, गाणाऱ्यांचा नव्हे.

आमच्याकडे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी खेडोपाडी पायपीट करून बाबासाहेबांचा विचार निरक्षरांच्या ओठांवर नेला. ज्यांची नावे आम्हाला ठाऊक आहेत ते मोजके. ढोलकीवर बसणारा, मागे सूर धरणारा, बैलगाडीतून रात्र काढणारा असे कितीतरी कलावंत निनावी गेले. कित्येकांची शाळा या पायपिटीत सुटली. त्यांच्या नातवंडांनी आज पदव्या घेतल्या आहेत.

आपापल्या वस्तीत असा एखादा म्हातारा गायक अजून असेल. त्याच्याकडे जा, त्याची गाणी उतरवून घ्या, त्याचे नाव लिहून ठेवा. एला शेफर्ड यांनी दार लावून शंभर गाणी उतरवली, म्हणून ती जगाला मिळाली. आपली दारे तर आज उघडी आहेत.