वोल्फगांग पाउली

वोल्फगांग अर्न्स्ट पाउली (२५ एप्रिल १९००, व्हिएन्ना – १५ डिसेंबर १९५८, झुरिक) हे ऑस्ट्रियात जन्मलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. अणूमधील इलेक्ट्रॉनांची मांडणी कोणत्या नियमाने ठरते, या प्रश्नाचे उत्तर देणारे विवर्जन तत्त्व त्यांनी १९२५ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना १९४५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूट्रिनो या कणाचे भाकीतही त्यांनीच १९३० मध्ये केले.

बालपण आणि शिक्षण

पाउली यांचे वडील वैद्यकाचे पदवीधर होते. पुढे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा जन्म प्रागमधील ज्यू कुटुंबात झाला होता आणि नंतर त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. विख्यात शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख हे वोल्फगांग यांचे धर्मपिता. मधले नाव त्यांच्यावरूनच ठेवण्यात आले.

१९१८ मध्ये शालेय शिक्षण संपवून पाउली म्युनिक विद्यापीठात आर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्याकडे गेले. झोमरफेल्ड यांच्या सांगण्यावरून त्यांनी सापेक्षता सिद्धांतावर एका गणितीय ज्ञानकोशासाठी २०० हून अधिक पानांचा लेख लिहिला. १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे २१ वर्षांचे होते. खुद्द आइन्स्टाइन यांनी त्याची प्रशंसा केली. त्याच वर्षी पाउली यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे गॉटिंगेन येथे माक्स बोर्न यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. १९२२ च्या उन्हाळ्यात नील्स बोर यांची व्याख्याने गॉटिंगेनमध्ये झाली. या भेटीतून पाउली यांना कोपनहेगनचे निमंत्रण मिळाले.

इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचे कोडे

अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्येच राहू शकतात, असे बोर यांनी १९१३ मध्ये दाखवले होते. मात्र यातून एक अडचण उभी राहत होती. कोणतीही व्यवस्था कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीकडे झुकते. मग युरेनियमचे सर्व ९२ इलेक्ट्रॉन अगदी आतल्या कक्षेतच का गोळा होत नाहीत? तसे झाले असते, तर एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना गुणधर्म हळूहळू बदलत गेले असते. प्रत्यक्षात निऑनमध्ये १० इलेक्ट्रॉन असतात आणि तो निष्क्रिय वायू आहे; सोडियममध्ये केवळ एक इलेक्ट्रॉन अधिक असतो, पण तो पाण्यात टाकताच जोरदार अभिक्रिया होते.

बोर यांनी रासायनिक गुणधर्म आणि वर्णपट यांच्या आधारे इलेक्ट्रॉनांची कवचवार विभागणी सुचवली होती. ७२ वे मूलद्रव्य झिर्कोनियमसारखे असेल, हे त्यांचे अनुमान हॅफ्नियमच्या शोधाने खरे ठरले. हा शोध लागला तेव्हा पाउली कोपनहेगनमध्येच होते. तरीही कवचांत २, ८, १८, ३२ इतकेच इलेक्ट्रॉन का मावतात, याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते.

पाउली यांना त्या काळात असंगत झीमन परिणामाने पछाडले होते. चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या वर्णरेषा फुटून अनेक रेषा तयार होतात. त्यांची संख्या आणि त्यांमधील अंतरे तत्कालीन सिद्धांतात बसत नव्हती. हे द्वित्व अणूच्या आतील भरलेल्या कवचांमुळे येते, असा समज होता. पूर्ण भरलेल्या कवचाचा कोनीय संवेग शून्य असतो. तेव्हा द्वित्वाचे मूळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनातच असले पाहिजे, असा निष्कर्ष पाउली यांनी हॅम्बुर्गमध्ये १९२४ च्या अखेरीस काढला.

विवर्जन तत्त्व

त्याच सुमारास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडमंड स्टोनर यांचा इलेक्ट्रॉनांच्या विभागणीविषयीचा लेख पाउली यांच्या वाचनात आला. त्यातील गणना आणि आपला निष्कर्ष एकत्र करून त्यांनी १९२५ च्या आरंभी नियम मांडला. इलेक्ट्रॉनाची स्थिती तीन नव्हे, तर चार पुंजांकांनी ठरते. आणि एकाच अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत.

एवढ्या नियमाने कवचांची क्षमता निश्चित होते. पहिल्या तीन पुंजांकांनुसार पहिल्या कवचात एकच स्थिती उपलब्ध असते, तर दुसऱ्यात चार. चौथ्या पुंजांकाला दोनच मूल्ये असल्याने प्रत्येक स्थितीत दोन इलेक्ट्रॉन मावतात. म्हणून पहिल्या कवचाची क्षमता २, दुसऱ्याची ८. तिसऱ्या व चौथ्या कवचात याच रीतीने १८ व ३२ जागा होतात. निऑनचे संरूपण २, ८ असे आहे. आतली दोन्ही कवचे भरल्यामुळे सोडियमच्या अकराव्या इलेक्ट्रॉनाला तिसऱ्या कवचात जावे लागते आणि २, ८, १ हे संरूपण तयार होते. हा एकटा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो. सोडियमच्या क्रियाशीलतेचे मूळ यात आहे.

जागा कोणत्या क्रमाने भरतात, हे मात्र त्या त्या स्थितीच्या ऊर्जेवर अवलंबून असते. त्यामुळे तिसऱ्या कवचात १८ जागा असूनही पोटॅशियमचे संरूपण २, ८, ८, १ असे असते.

परिवलनाची संकल्पना आणि क्रोनिग प्रसंग

चौथ्या पुंजांकाचा भौतिक अर्थ पाउली यांनी सांगितला नव्हता. जानेवारी १९२५ मध्ये राल्फ क्रोनिग या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा, अशी कल्पना त्यांच्यापुढे ठेवली. पाउली यांनी ती वास्तवाशी संबंध नसलेली ठरवली आणि क्रोनिग यांनी ती प्रसिद्ध केली नाही. आक्षेप निराधार नव्हते: तसे फिरण्यासाठी इलेक्ट्रॉनाच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त असावा लागला असता. त्याच वर्षी लायडनच्या जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल गाउडस्मिट यांनी हीच कल्पना प्रसिद्ध केली आणि परिवलनाचे श्रेय त्यांना मिळाले. पाउली यांचा विरोध १९२६ मध्ये मावळला. पुढच्याच वर्षी त्यांनी परिवलनाचे गणिती रूप सिद्ध केले. त्यातील सारण्या आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

झुरिक, न्यूट्रिनो आणि युद्धकाळ

१९२८ मध्ये पाउली झुरिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. होमी भाभा यांनीही केंब्रिजमधील विद्यार्थिदशेत झुरिकला त्यांच्या सान्निध्यात काही काळ काम केले. १९२७ मधील आईची आत्महत्या आणि १९३० मधील घटस्फोट यांमुळे हा काळ पाउली यांना मानसिकदृष्ट्या कठीण गेला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याशी याच काळात सुरू झालेला संवाद पुढे अनेक वर्षे चालला. १९३४ मध्ये त्यांनी फ्रान्सिस्का बर्ट्राम यांच्याशी विवाह केला.

बीटा किरणोत्सर्गात हरवल्यासारखी दिसणारी ऊर्जा एखादा न दिसणारा उदासीन कण नेत असावा, हे भाकीत पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून केले. हा न्यूट्रिनो प्रयोगात सापडल्याचे वृत्त त्यांना १९५६ मध्ये मिळाले.

१९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर पाउली जर्मन नागरिक ठरले. ज्यू वंशामुळे धोका असल्याने १९४० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. त्याच वर्षी त्यांनी सिद्ध केले, की अर्धपूर्णांकी परिवलनाचे कण विवर्जन तत्त्व पाळतात आणि पूर्णांकी परिवलनाचे पाळत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या कणांना सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून बोसॉन म्हणतात. तरीही हे तत्त्व अधिक मूलभूत गृहीतकांतून सोप्या रीतीने सिद्ध करता आले नाही, ही खंत त्यांनी १९४६ च्या नोबेल व्याख्यानात व्यक्त केली. त्याच वर्षी ते झुरिकला परतले आणि १९४९ मध्ये त्यांना स्वित्झर्लंडचे नागरिकत्व मिळाले.

निधन आणि वारसा

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने झुरिकच्या रुग्णालयात पाउली यांचे निधन झाले. त्यांच्या खोलीचा क्रमांक १३७ होता. भौतिकशास्त्रातील एका मूलभूत स्थिरांकाचा व्यस्तांक जवळपास इतकाच आहे आणि त्याचे मूल्य असेच का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सतावत होता.

सहकाऱ्यांच्या लेखनातील त्रुटी ते निर्भीडपणे दाखवत. त्यामुळे त्यांच्या पसंतीला मोठे मोल होते. त्यांच्या विवर्जन तत्त्वाचे परिणाम रसायनशास्त्रापुरते मर्यादित राहिले नाहीत. श्वेत बटू तारे स्वतःच्या गुरुत्वाने कोसळत नाहीत, ते त्यांतील इलेक्ट्रॉन हे तत्त्व पाळतात म्हणून. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढलेली या ताऱ्यांची वस्तुमानमर्यादा त्यावरच आधारलेली आहे. १९६७ मध्ये फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनार्ड यांनी दाखवले, की सामान्य पदार्थाचे स्थैर्यही या तत्त्वावरच अवलंबून आहे.