मांज्याने बोट कापलं, टाके पडले. तरी बोट वाकत का नाही?

संक्रांतीला मेहरूण तलावाच्या परिसरात पतंग उडतात. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो हाती लागतोच. जखम दिसते बारीक, पण आतली बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटलेली असू शकते. ती जोडण्याचं शास्त्र उभं करणाऱ्यांत पहिलं नाव डॉ. स्टर्लिंग बनेल यांचं.

बनेल १८८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मले. सुरुवातीला ते सर्वच प्रकारच्या शस्त्रक्रिया करत. बोटाचे टेंडन जोडण्यावर त्यांनी १९१८ मध्ये लेख लिहिला. त्यांना सतावणारा प्रश्न साधा होता: टाके भरतात, मग बोट ताठच का राहतं?

उत्तर बोटाच्या रचनेत आहे. तळहाताच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून सरकतात. जखम भरताना ते बोगद्याच्या भिंतीला चिकटतात आणि बोट अडकतं. या पट्ट्याला बनेल यांनी ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं, म्हणजे सर्जनने पाऊल ठेवू नये असा टापू. आधी फक्त कातडी शिवा, नंतर दुसरीकडून टेंडन काढून बसवा, हा त्यांचा सल्ला. शस्त्रक्रियेत ऊतींना कमीत कमी इजा व्हावी, हा त्यांचा आग्रह मात्र आजही तंतोतंत पाळला जातो.

१९४४ मध्ये त्यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ आला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्कराचे सल्लागार झाले आणि जखमी सैनिकांच्या हातांसाठी खास केंद्रं उभी राहिली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या हस्तशल्यचिकित्सकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९५७ मध्ये ते गेले, तेव्हाही त्यांची मनाई बहुतेकांना मान्य होती.

ती मोडली १९६०च्या दशकात, लुइव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी. त्यांनी त्या टापूतही टेंडन लगेच जोडला आणि बोट बांधून न ठेवता, आधार देऊन हळूहळू हलवायला लावलं. हलणारं टेंडन कमी चिकटतं.

म्हणून आज मांज्याच्या जखमेनंतर बोटाचं टोक स्वतःहून वाकत नसेल, तर नुसत्या टाक्यांवर भागत नाही. हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे लगेच जावं. उशीर झाला की तुटलेलं टोक मागे आकसतं. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे स्प्लिंट लागते आणि व्यायाम सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच करायचा. जोर लावून वस्तू उचलायला साधारण तीन महिने थांबावं लागतं.